खोलीपुरतं स्पॅनिश

सहलीचा मॅनेजर म्हटलं की लोकांना वाटतं, हा फुकटात जग बघून आलेला माणूस. मी बारा वर्षं सांगलीच्या स्टँडजवळ एक लॉज सांभाळला आणि पुढं अठरा वर्षं सहली नेल्या. खरं सांगायचं तर मी जग फारसं पाहिलेलं नाही. मी खोल्या पाहिल्या. मंडळी ताजमहालापुढं फोटो काढत असतात तेव्हा मॅनेजर झाडाखाली उभा राहून पुढच्या मुक्कामाला फोन लावत असतो, की बाबा, नळाला गरम पाणी येतं का आणि किती वाजेपर्यंत येतं.

या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. माणसाला रात्री पाठ टेकायला गादी, सकाळी बादलीभर कढत पाणी मिळालं आणि पोट साफ झालं की त्याला कुठलाही देश आवडतो. यातलं एक जरी हुकलं तरी तो घरी येऊन सांगतो, ‘काही राम नाही त्या देशात.’

आणि आपली माणसं खोलीत जाऊन काय करतील याचा नेम नसतो. फलटणचे एक निवृत्त मास्तर दुबईच्या हॉटेलात टब बघून इतके हरखले, की त्यांनी सगळ्या बसला निरोप दिला, ‘कपडे आणा, मोठा हौद आहे.’ सव्वीस जणांचे कपडे एका टबात भिजले. बँकॉकला एका वहिनींनी हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलात मटकी बांधून खिडकीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी खोली आवरणारी पोरगी किंचाळत जिन्यावरून खाली आली, कारण टॉवेलातून कोंब बाहेर आले होते. मी माफी मागितली. संध्याकाळी उसळ झकास झाली होती, मीही दोनदा घेतली.

अशा माझ्या वाट्याला एक दिवस स्पेन आलं.

तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांना तिथल्या बागा बघायच्या होत्या. ते लोक वेली प्लॅस्टिकखाली कशा झाकतात, मणी एवढा टपोरा कसा काढतात, ते डोळ्यांनी बघायचं होतं. एप्रिलची छाटणी आटोपून जूनमध्ये निघायचं ठरलं. चौदा माणसं, एका लहानशा गावात तीन रात्री मुक्काम. गाव बागांच्या अगदी मध्यात होतं म्हणून मी तिथलंच हॉटेल धरलं. मी त्यांना इंग्रजीत पत्र पाठवलं, त्यांचं उत्तर आलं ते अख्खं स्पॅनिशमध्ये. फोन केला तर पलीकडची बाई आनंदाने काहीतरी बोलत राहिली आणि मी आनंदाने ‘येस येस’ म्हणत राहिलो.

आमच्या शेठना हे कळलं. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो, आणि शेठ पुण्याच्या एका शिकलेल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या गृहस्थाशी बोलणी करत होते हे ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत होतं. शेठ म्हणाले, “शिंदे, ही सहल नीट पार पडली तर परदेशाचं सगळं तुमच्याकडं. न्हाईतर तुमी आपलं काउंटरला बसा आन् अष्टविनायकाच्या सीटा भरा. राग मानू नका.”

मी राग मानला. घरी येऊन बायकोला सांगितलं, “मी स्पॅनिश शिकणार.” ती म्हणाली, “आधी कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिका.”

मी सगळं स्पॅनिश शिकायला बसलो नव्हतो. आपल्याला कविता करायची नव्हती, खोल्या मिळवायच्या होत्या. म्हणून खोलीपुरते बावीस शब्द काढले. याबे म्हणजे किल्ली. कामा म्हणजे पलंग. तोआया म्हणजे टॉवेल, साबाना म्हणजे चादर, आल्मोआदा म्हणजे उशी, मान्ता म्हणजे पांघरूण. गरम पाणी म्हणजे आग्वा काल्येन्ते. आणि कूबो म्हणजे बादली. हा शब्द कुठल्याच प्रवासाच्या यादीत नव्हता, तो मी मुद्दाम शोधून काढला, कारण आमचा माणूस फवाऱ्याखाली अंघोळ करतो पण त्याला ती अंघोळ वाटत नाही.

चिठ्ठ्या लिहून घरभर चिकटवल्या. मोबाईलमधली बाई शब्द म्हणायची, मी मागून म्हणायचो. बायको भाजी चिरता चिरता परीक्षा घ्यायची. पंधरा दिवसांनी माझ्याआधी तिलाच सगळं पाठ झालं. एकदा मी अंघोळीला गेलो आणि टॉवेल विसरलो, तर आतून “अगं, टॉवेल दे” म्हणून ओरडलो. बाहेरून उत्तर आलं, “नीट मागा, मग देते.” मी चार वेळा तोआया म्हणालो तेव्हा टॉवेल मिळाला.

मग मे महिन्यात मंडळींचा वर्ग घेतला. तासगावच्या एका बागायतदाराच्या बेदाणा शेडमध्ये. बेदाण्याचा हंगाम संपलेला, शेड रिकामी. द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांवर मी शब्दांचे कागद टाचणीने लावले आणि खाली सतरंजीवर चौदा विद्यार्थी बसले. त्यांत एक सुभेदार होते. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी तीन एकर बाग लावली होती. ते उठले आणि म्हणाले, “मॅनेजर, असं न्हाई व्हायचं. कवायत घ्याय पायजे.” त्यांनी सगळ्यांना उभं केलं. मी ‘पलंग’ म्हणायचं आणि सगळ्यांनी छातीतून ‘कामा!’ म्हणून ओरडायचं. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर थांबला आणि ड्रायव्हर आत डोकावून गेला.

दुसरी एक विद्यार्थिनी होती सुशीलाअक्का. मिरजेकडच्या जैन बागायतदार कुटुंबातल्या, साठी उलटलेल्या. त्यांचे यजमान भूपालअण्णा अबोल, मधुमेहाचे. अक्कांनी शाळेच्या वहीला पेन्सिलीने रेघा मारून आणल्या होत्या. बाकीचे ओरडत होते, या लिहून घेत होत्या. वर्ग संपला तशा जवळ येऊन म्हणाल्या, “आवं मॅनेजर, फ्रीजला काय म्हणायचं? आन् औषधाला?”

मी म्हणालो, “अक्का, ते यादीत नाही. मी आहे ना तिथं.”

“तुमी हाईसाच. पर शब्द असलेला बरा.”

मी हसलो. ‘बावीस पुरे’ असंही वर म्हणालो. हे वाक्य मला अजून टोचतं.

स्पेनला पोचलो. पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. भूपालअण्णांचं जेवण सूर्यास्ताच्या आत. घरी ते साडेसहाला हात धुऊन मोकळे व्हायचे. इथं रात्रीचे आठ वाजले तरी टळटळीत ऊन. अण्णा दौऱ्यात पहिल्यांदा स्वतःहून बोलले, “इथं देव जैनांकडंच बघतोय.” पण हॉटेलचं जेवणघरच नऊला उघडायचं आणि सूर्य साडेनऊला बुडायचा. म्हणजे अण्णांना अर्धा तास. त्यात आधी इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची, मग भात, टोमॅटो आणि घरून आणलेल्या दशम्या. अक्का घड्याळाकडे आणि खिडकीकडे आळीपाळीने बघत वाढायच्या. पहिल्या रात्री सगळं वेळेत झालं. इन्सुलिन खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवलेलं होतं.

माझं बावीस शब्दांचं स्पॅनिशही पहिल्या रात्री तलवारीसारखं चाललं. किल्ल्या मागितल्या, मिळाल्या. उशा मागितल्या, मिळाल्या. चौदा माणसांना नऊ बादल्या मिळाल्या. त्यातल्या दोन फरशी पुसायच्या होत्या, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. शेठना मेसेज टाकला, ‘सर्व उत्तम.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बागा बघायला निघायचं होतं. आता इथं काय झालं ते नीट सांगतो, कारण असं फक्त आपल्याच माणसांच्या हातून होऊ शकतं.

सुभेदार पहाटे उठले. अंथरूण पसरलेलं टाकून बाहेर पडायचं हे त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी चादर काढली, घडी घातली, पांघरुणाची घडी घातली, त्यावर उशी ठेवली. मग खोल्याखोल्यांतून फिरून बाकीच्यांनाही करायला लावली. अक्कांनी बायकांना सांगितलं, “परक्याच्या घरात ऱ्हायलोय, केर तरी काढूया.” केरसुणी नव्हती म्हणून ओल्या फडक्याने फरशा पुसल्या. कचरा पिशवीत बांधून दाराशी ठेवला. सामान खोलीत सोडून जायचं नाही हा यात्रेतला जुना नियम, म्हणून चौदाही जणांच्या बॅगा बसच्या पोटात गेल्या. किल्ल्या, लॉजवर देतात तशा, ओळीने काउंटरवर ठेवल्या. आणि वर्गात शिकवल्याप्रमाणे प्रत्येकाने काउंटरवरच्या मुलीला हात जोडून ‘ग्रासियास’ म्हटलं. ‘आभारी आहे’ म्हणायला मीच शिकवलं होतं. अण्णांचं इन्सुलिन तेवढं फ्रीजमध्ये राहू दिलं, कारण दिवसभर बस उन्हात तापणार होती.

मी दारात उभा राहून हे बघत होतो आणि मला अभिमान वाटत होता. एवढे सभ्य पाहुणे या हॉटेलने बघितले नसतील, असं मनात म्हणत होतो. ते खरंही होतं.

दिवस मजेत गेला. सुभेदारांनी एका स्पॅनिश शेतकऱ्याच्या वेलीवरची पानं मोजली आणि त्याला मराठीत सांगितलं की तुझी छाटणी चुकते. संध्याकाळी आठ वाजता बस हॉटेलपाशी आली तर दारात फुलं, गाड्या आणि झुळझुळीत कपड्यांतली माणसं. लग्नाचं वऱ्हाड आलं होतं. मी वऱ्हाडातून वाट काढत काउंटरवर गेलो, हसून म्हणालो, “याबे.” मुलगी माझ्याकडे भूत बघावं तशी बघायला लागली.

ती जे हातवारे करून बोलली त्यातून अर्थ लागायला पाच मिनिटं गेली. खोल्या पुसलेल्या, चादरी घडी करून ठेवलेल्या, एकही बॅग नाही, किल्ल्या परत आणि चौदा माणसं हात जोडून निरोप घेऊन गेलेली. तिला वाटलं आम्ही मुक्काम अर्धा टाकून गेलो. वऱ्हाडाला खोल्या कमी पडत होत्या, तिने आमच्या सगळ्या देऊन टाकल्या.

मागे चौदा माणसं उभी. सुभेदार म्हणाले, “काय झालं मॅनेजर?” आणि तेवढ्यात अण्णांच्या शेजारून अक्का म्हणाल्या, “आमच्या फ्रीजातलं औषध कुटं हाय?”

आता कुणी विचारील, मोबाईल काय करत होता? माझा मोबाईल दिवसभर सगळ्यांचे वेलीशेजारचे फोटो काढून मेला होता. इतरांचे फोन हॉटेलच्याच वायफायवर चालायचे आणि वऱ्हाडातले सगळे फोन त्यावर लागल्यामुळे ते अडकून बसलं होतं. राहिले माझे बावीस शब्द. मी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि तोंड उघडलं, तर बावीसपैकी एकच शब्द आला. “कामा,” मी म्हणालो. मुलीने मान हलवली. “कामा, कामा,” मी पुन्हा म्हणालो. तीस वऱ्हाडी तिच्याशी एकदम बोलत होते आणि मधे मी नुसता पलंग पलंग करत होतो. अण्णा भिंतीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांचं जेवण आणि त्याआधीची सुई, दोन्ही सूर्याच्या हातात होतं, आणि खिडकीतून येणारं ऊन पिवळं पडायला लागलं होतं. आज सुई नाही म्हणजे जेवण नाही, आणि सकाळपासून हिंडलेला मधुमेहाचा माणूस उपाशी राहिला तर काय होतं ते मी लॉजवर असताना एकदा पाहिलेलं होतं.

अक्कांनी मला बाजूला केलं नाही. त्या काउंटरकडे आल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, “हिला इचारून काय उपेग? फ्रीज पुसती कोण?” आणि वही छातीशी धरून सरळ आतल्या बोळात शिरल्या. मी मागून धावलो.

बोळाच्या शेवटी धुण्याची खोली होती. तिथं एक जाडजूड बाई चादरींचे गठ्ठे लावत होती. वय अक्कांएवढंच. अक्का तिच्यासमोर उभ्या राहिल्या, वही उघडली आणि मी दिले नव्हते म्हणून कुठून तरी मिळवून लिहून आणलेले शब्द शाळेतल्या मुलीसारखे एकेक करून वाचले. “नेबेरा. मेदिसिना. मारीदो.” फ्रीज. औषध. नवरा. मग वही मिटून आपल्या दंडावर सुई टोचल्याची खूण केली आणि खिडकीतल्या सूर्याकडे बोट दाखवलं.

सूर्याचं त्या बाईला काय कळलं कोण जाणे. पण नवरा आणि औषध हे दोन शब्द तिला बरोबर कळले. तिने कपाळावर हात मारला, अक्कांचं मनगट धरलं आणि दोघी तरातरा स्वयंपाकघराकडे निघाल्या. तिथल्या मोठ्या फ्रीजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी, एका पिशवीत अण्णांचं इन्सुलिन होतं. वर खोलीचा नंबर लिहिलेला. पाहुणे विसरून गेले, कुणी परत आलं तर असावं, म्हणून तिने जपून ठेवलं होतं.

अक्कांनी पिशवी घेतली आणि एकदम रडायला लागल्या. ती बाईही रडायला लागली. मग डोळे पुसून अक्कांनी पोटाला हात लावून दाखवला, तर तिने स्वयंपाक्याला काहीतरी खडसावलं आणि जेवणघर उघडायच्या आधीच भात बाहेर आला. नऊला दहा कमी असताना अण्णा जेवायला बसले. सूर्य बुडायला टेकला तेव्हा ते ताक समजून घेतलेलं गोड दही संपवत होते.

खोल्यांचं पुढं त्या बाईनेच मिटवलं. काउंटरवर जाऊन तिने त्या मुलीला आमच्या पुसलेल्या फरशा आणि घड्या याबद्दल काहीतरी सुनावलं. वऱ्हाडाने दोन खोल्या बायकांसाठी आणि अण्णा-अक्कांसाठी सोडल्या. पुरुषांसाठी वरचा मोठा हॉल उघडला आणि गाद्या टाकल्या. आणि मग शेडमधल्या वर्गाचं चीज झालं. एक जण जिन्यातून ‘आल्मोआदा!’ म्हणून आरोळी द्यायचा, दुसरा ‘मान्ता!’ द्यायचा, सुभेदार मधे उभे राहून मोजून घ्यायचे. वऱ्हाडातली पोरंसुद्धा उशा वाहायला लागली. एका ओळीत गाद्या पडल्या तेव्हा ही मंडळी अख्ख्या दौऱ्यात पहिल्यांदा मनापासून खूश झाली. सुभेदार म्हणाले, “हे पयल्या दिवशीच कराया पायजे हुतं. दोन दोन माणसांनी खोलीत बसून काय बोलायचं?”

सकाळी मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की आज कुणीही अंथरुणाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी मान डोलावली. निघताना वर जाऊन बघितलं तर सगळ्या घड्या एका रेषेत. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, “त्या बाईला किती खोल्या आवराय लागत्यात, बघितलं न्हाई का तुमी?” मग मी काउंटरवर जाऊन एका कागदावर पलंगाचं चित्र काढलं, त्यावर चौदा माणसं झोपवली आणि ‘आज रात्री’ असं खुणेने चार वेळा सांगितलं.

इथं ही गोष्ट हसून संपवता आली असती. पण दिवाळी अंकात लिहितोय, खोटं कशाला लिहू.

परत आल्यावर शेठना लेखी अहवाल द्यायचा असतो. मी लिहिलं, ‘हॉटेलच्या गैरसमजामुळे खोल्यांची अडचण आली. टूर मॅनेजरने स्पॅनिश भाषेच्या आधारे तातडीने मार्ग काढला.’ एवढंच. अक्कांचं नाव नाही. लिहिताना हात थांबला होता, पण पुण्याचे ते गृहस्थ त्याच आठवड्यात ऑफिसात येऊन चहा पिऊन गेले होते.

शेठ प्रत्येक सहलीनंतर दोन-तीन प्रवाशांना फोन करून विचारपूस करायचे. माझ्यासमोर त्यांनी अक्कांनाच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “अक्का, खोल्या गेल्या म्हणं तुमच्या. मग काय केलं मॅनेजरनी?”

मी टेबलावरचा पेपरवेट हातात धरून बसलो होतो. आता सगळं बाहेर येणार.

“काय सांगायचं शेठ,” अक्का म्हणाल्या, “तुमचा मानूस लय हुशार. एकल्यानं निभावलं बगा. आमाला कळलं बी न्हाई कसं केलं ते.”

शेठ माझ्याकडे बघून हसले. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि तेही मराठीतच बोलायचं होतं. मी गप्प बसलो. परदेशाचं काम माझ्याकडे आलं आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याकडेच राहिलं.

पुढच्या रविवारी पेढे घेऊन त्यांच्या मळ्यात गेलो. अण्णा बागेत होते. मी ओसरीवर बसून कसंबसं म्हणालो, “अक्का, त्या दिवशी शेठना तुम्ही खरं का नाही सांगितलं?”

त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आवं, तुमची नोकरी व्हती ती. मला काय, मला शब्द येत्यात ते येत्यातच. ते काय कोन काडून घेनार हाय?”